खारातली काकडी आणि एकादशी

इतिहासाचा मास्तर निवृत्त झाला, तरी त्याची खोड निवृत्त होत नाही. त्याला लग्नाच्या पंगतीत बसवले, तर जिलबी कोणत्या मुलखातून कोणत्या वाटेने आपल्याकडे आली हे तो शेजाऱ्याला सांगू लागतो, आणि शेजारी बिचारा मठ्ठ्याच्या वाटीकडे पाहत मान डोलावीत राहतो. मी त्यातलाच. म्हणून २०१८ साली मुलीने आम्हा उभयतांना न्यू जर्सीतील आपल्या घरी नेले आणि “बाबा, न्यूयॉर्कात तुम्हांला काय पाहायचे आहे?” असे विचारले, तेव्हा मी म्हणालो, “बाजार.” तिला वाटले, मला मोठमोठी काचेची दुकाने पाहायची असतील. मी म्हणालो, “तो बाजार नव्हे. बोटीतून उतरलेली गरीब माणसे ज्या पेठेत पहिल्यांदा भाकरी शोधायला गेली, ती पेठ मला दाखव.”

सप्टेंबर महिना होता. गणपती आठवड्यावर आले होते आणि ज्यू लोकांचे नवीन वर्ष दोन दिवसांवर. त्या शुक्रवारी सकाळी आमची सौ. नातीचे वेळापत्रक सांभाळायला घरी राहिली आणि मी एकटाच आगगाडीने न्यूयॉर्कास गेलो. तेथून भुयारी गाडीने डेलन्सी रस्त्याचे स्टेशन गाठून जिना चढून वर आलो, तो लोअर ईस्ट साईड म्हणतात त्या भागात. बेटाच्या दक्षिणेकडची, नदीच्या अंगाची ही वस्ती. रस्ते अरुंद, इमारती पाच-सहा मजली, विटांच्या, आणि दर्शनी भिंतींवर लोखंडी जिने. आपल्या गिरगावातल्या चाळी आठवाव्यात अशी सगळी तऱ्हा.

आठवावी यात नवल नाही, कारण या चाळीच होत्या. ऑर्चर्ड रस्त्यावरची ९७ नंबरची इमारत आता संग्रहालय करून जतन केली आहे. १८६३ साली ती बांधली गेली, आणि १९३५ पर्यंत वीसाहून अधिक देशांतून आलेली सुमारे सात हजार माणसे तिच्या खोल्यांत राहून गेली. एका बिऱ्हाडाला तीन खोल्या, त्यांपैकी धड उजेड एकीलाच. त्यातच चूल, त्यातच शिवणयंत्र, त्यातच बाळंतपण, आणि भाड्याला हातभार म्हणून ठेवलेला एखादा परका इसमही त्यातच. १८८१ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला, त्याचे खापर ज्यूंच्या माथी फुटले आणि गावोगावी त्यांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून १९२४ साली अमेरिकेने कायदा करून दार जवळजवळ लावून घेईपर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत उतरले. त्यांतल्या फार मोठ्या भागाचा पहिला मुक्काम हीच पेठ.

या पेठेत पूर्वी सगळा व्यापार हातगाड्यांवर चाले. काकड्या, कांदे, खारवलेले मासे, चष्मे, टोप्या, जुने कोट, जे मागाल ते गाडीवर. पुढे ला गार्डिया नावाचे नगराध्यक्ष झाले. त्यांची आई ज्यू होती आणि त्यांना स्वतःला यिडिश, म्हणजे त्या लोकांची बोली, चांगली येत असे. परंतु हातगाड्यांची गर्दी आणि घाण त्यांच्या डोळ्यांत सलत होती. त्यांनी गाडीवाल्यांना रस्त्यावरून उठवून छपराखाली बसवले, आणि १९४० साली एसेक्स रस्त्यावरची मंडई उघडली. मी गेलो तेव्हा ती त्याच जुन्या इमारतीत होती. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ती रस्त्यापलीकडच्या नव्या जागेत गेली.

मंडई पाहून मी मागच्या बाजूच्या दुकानांकडे वळलो, आणि एका दारापाशी माझे पाय आपोआप थांबले. कारण वास. लसूण, मिरी, धने, मोहरी आणि मुरलेला खार यांचा तो वास होता, आणि लोणच्याच्या दिवसांत आमच्या अलिबागच्या घराच्या माजघरात तो तंतोतंत तसाच येई. दुकान एवढेसे. एका बाजूला काचेची कपाटे व लाकडी फळी, दुसऱ्या बाजूला पाच-सहा टेबले. फळीमागे पांढरा अंगरखा घातलेले सत्तरी उलटलेले एक गृहस्थ. दारावर इंग्रजीत पाटी: डेलिकटेसन.

“या, बसा. काय देऊ आपल्याला?” ते म्हणाले. “आमची पास्ट्रामी उत्तम असते.”

मी जरा ओशाळून म्हणालो, “क्षमा करा. मी गाईचे मांस खात नाही.”

वाटले, आता हा माणूस मला दार दाखवणार. कारण सगळ्या दुकानात मुख्य वस्तू तीच. पण ते हसून म्हणाले, “काही बिघडत नाही. आपण डुकराचे मागू नका, म्हणजे आपले दोघांचे जमेल. ते मी ठेवत नाही.”

अशा रीतीने दोन नेमांची माणसे फळीच्या दोन बाजूंना उभी राहिली आणि मध्यममार्ग म्हणून मला कोंबडीचे सार, त्यात मात्झाचा गोळा, एक बटाट्याचा क्निश आणि बशीभर खारातली काकडी असे जेवण ठरले.

जेवण येईपर्यंत वाचकांना या दुकानाच्या जातकुळीविषयी दोन शब्द सांगतो. ‘डेलिकटेसन’ हा शब्द फ्रेंचांकडून जर्मनांनी घेतलेला. अर्थ, चोखंदळांच्या खाण्याचे नाजूक पदार्थ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जे जर्मन लोक न्यूयॉर्कात आले, त्यांनी अशी दुकाने थाटली आणि त्यांत खारवलेले मांस, आंबवलेली कोबी, लोणची विकायला ठेवली. त्यांच्यात जर्मन ज्यूही होते. पूर्व युरोपातून मागाहून आलेल्या गरीब ज्यूंना मात्र असे दुकान ठाऊकच नव्हते. त्यांच्या गावी काळा पाव, कांदा, बटाटा, कोबी आणि खारवलेला हेरिंग मासा यांवर आठवडा निघे. मांस दिसले तर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, आणि तेही पातेल्याच्या तळाशी शोधावे लागे. अमेरिकेत आल्यावर त्यांनी पाहिले, की पश्चिमेकडच्या कुरणांतली गुरे आगगाड्या भरभरून येतात आणि मजुरालाही मांस परवडते. मग त्यांनी जर्मनांचे दुकान घेतले, त्याला आपल्या धर्माचे नियम लावले, आणि गावी ज्याचे नुसते स्वप्न पाहिले होते ते पावाच्या दोन कापांमध्ये वीतभर उंच रचून ठेवले.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज लोक ज्याला ‘पारंपरिक ज्यू खाणे’ म्हणून लांबून पाहायला येतात, ते पूर्वजांच्या गावी कोणी तसे खात नव्हते. ते न्यूयॉर्कात जन्मले. जुन्या गावाहून माणसांनी बरोबर आणली ती भूक आणि नियम. बाकीचे सारे इथे जमले.

आता ती पास्ट्रामीच घ्या. मी ती चाखली नाही, पण तिची कुळकथा ऐकण्यास कोणाची हरकत नसावी. तुर्कांकडे ‘पास्तिर्मा’ नावाचे दाबून वाळवलेले मांस असे. तुर्की सत्तेबरोबर ते रुमानियात पोहोचले. तिथले ज्यू तो प्रकार हंसाच्या मांसाचा करीत. न्यूयॉर्कात हंस महाग आणि गोमांस स्वस्त, म्हणून तिथे ते गोमांसाचे झाले. त्यातही मागचा भाग ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे सहसा वापरात येत नाही, कारण त्यातील एक शीर आणि विशिष्ट चरबी निषिद्ध असून ती काढणे मोठे कटकटीचे असते. तेव्हा उरला पुढचा भाग: छातीचा आणि पोटाचा. हे मांस चिवट. चिवट मांस मऊ करायचे, तर त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून ते दिवसचे दिवस खारात मुरवायचे, मग मिरी-धन्याचा जाड लेप द्यायचा, धुरी द्यायची आणि शेवटी वाफवायचे. नियमामुळे भाग ठरला, भागामुळे कृती ठरली, कृतीमुळे चव ठरली. स्वयंपाकघरात शास्त्र आणि गरिबी एकत्र नांदू लागली, की बहुधा अशाच गोष्टी जन्माला येतात. आपल्या सोवळ्याच्या स्वयंपाकातल्या कितीतरी युक्त्यांचे मूळ याहून निराळे नसेल.

एवढ्यात माझे सार आले. वर कोथिंबिरीसारखी दिसणारी शेपूची पाने, आणि मधोमध लिंबाएवढा नव्हे, चांगला मोसंब्याएवढा गोळा. मात्झा म्हणजे ज्यूंची बेखमीर भाकरी. मिसर देशाच्या दास्यातून त्यांचे पूर्वज इतक्या घाईने निघाले, की पीठ फुगायला सवड मिळाली नाही. त्याची आठवण म्हणून वल्हांडणाच्या सणात ही भाकरी खातात. तिचाच चुरा अंड्यात कालवून गोळे करतात आणि सारात सोडतात. जिभेवर तो हलकासा विरतो. क्निश म्हणजे पिठाच्या पातळ पारीत कांदा घालून मळलेला बटाटा भरून भाजलेला चौकोनी बटवा. त्याच्यासोबत फेसलेली मोहरी, तपकिरी रंगाची, नाकात झणझणणारी. बटाटेवड्याला लांबची मावसबहीण भेटली असेच मला वाटले. पेय म्हणून त्यांनी सेलरी नावाच्या भाजीच्या बियांचा सोडा दिला. पोट बिघडले की आजी ओव्याचा अर्क देत असे, तो कोणी साखर घालून फेसाळवला तर कसा लागेल, तसा तो लागला. मी तो सगळा प्यालो.

पण खरी मौज काकडीची. तिच्यात व्हिनेगर नाही. मीठ, पाणी, लसूण, शेपू आणि मसाला एवढ्यावर ती पिंपात बुडवून ठेवतात आणि काळाच्या हवाली करतात. थोडे दिवस मुरली तर हिरवीगार आणि करकरीत. पुष्कळ दिवस मुरली तर फिकट, मऊ आणि डोळे मिटायला लावणारी आंबट. आमच्या कोकणात खारातली कैरी करतात, तिचाच हा थंड मुलखातला अवतार. एके काळी या एसेक्स रस्त्यावर लोणच्यांच्या दुकानांची रांग होती आणि पिंपे थेट पदपथावर मांडलेली असत. मोठी गंमत अशी, की त्या काळच्या सुधारक मंडळींना या लोणच्यांचे मोठे भय वाटे. परदेशातून आलेल्या मुलांच्या प्रकृतीला आणि स्वभावाला ते अपायकारक आहे, त्यांनी दूध प्यावे आणि सौम्य अन्न खावे, असा त्यांचा उपदेश. मुलांनी उपदेश ऐकला आणि शाळा सुटल्यावर पेनीची काकडी घेतली.

या चाळींतल्या बायकाही काही साध्या नव्हत्या. १९०२ च्या मे महिन्यात कोशर, म्हणजे धर्मविहित, मांसाचा भाव पौंडाला बारा सेंटांवरून अठरा सेंटांवर गेला. पुरुष मंडळी चर्चा करीत राहिली. तेव्हा फॅनी लेव्ही आणि सारा एडेलसन या दोन संसारी स्त्रियांनी दारोदार जाऊन बायका गोळा केल्या आणि खाटकांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. जे खाटीक ऐकेनात त्यांच्या दुकानांत शिरून त्यांनी मांस रस्त्यावर फेकले. जी गिऱ्हाइके चोरून घेऊन जात, त्यांच्या हातचे हिसकावून मातीत टाकले. पोलिसांच्या काठ्या बसल्या, पुष्कळजणी पकडल्या गेल्या, तरी त्या शब्बाथच्या दिवशी देवळांत जाऊन पुरुषांच्या प्रार्थनेत उभ्या राहिल्या आणि पाठिंबा मागू लागल्या. काही आठवड्यांत भाव उतरला. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या बायकांचे मोर्चे मी १९७० नंतरच्या दशकात पाहिले आहेत. त्यांच्या या थोरल्या बहिणींची मला त्या टेबलाशी आठवण झाली.

जेवण झाले आणि मी चहा मागितला. काचेच्या पेल्यात काळा चहा आला, सोबत लिंबाची फोड.

“थोडे दूध मिळेल का?” मी विचारले.

फळीमागच्या गृहस्थांनी हातातली सुरी खाली ठेवली. “दूध? या दुकानात दूध माझ्या आजोबांच्या वेळेपासून आलेले नाही.”

आणि मग त्यांनी मला सांगितले ते मला ठाऊक होते. केवळ वयोमानाने विसरलो होतो. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा ज्यूंच्या धर्मग्रंथात तीन ठिकाणी आहे. त्यावरून शास्त्रकारांनी नियम बांधला, की मांस आणि दूध एकत्र करू नये, एकाच जेवणात खाऊ नये, दोहोंची भांडी निराळी ठेवावीत. म्हणूनच या पेठेत दुकानेही दोन प्रकारची झाली. मांसाचे ते डेलिकटेसन. आणि लोणी, चीज, खारवलेले मासे विकणारे ते निराळे. त्या दुसऱ्या प्रकारातले एक जुने दुकान जवळच ह्यूस्टन रस्त्यावर आहे. जोएल रस नावाच्या गृहस्थांनी ते १९१४ साली काढले. मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. तेव्हा १९३० नंतरच्या दशकात त्यांनी मुलींना भागीदार करून पाटीवर ‘रस आणि मुली’ असे लिहिले. ‘आणि पुत्र’ अशा पाट्यांच्या त्या जगात ती पाटी मोठीच धिटाईची.

“दूध नाही, हे मला कळायला हवे होते,” मी म्हणालो. “माझे लहानपण ज्यूंच्या शेजारात गेले.”

“कोठे? लंडनात?”

“अलिबागला.”

अलिबाग कोठे आहे हे त्यांना समजावून देण्यात पाच मिनिटे गेली. आमच्याकडचे ज्यू स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला अशी त्यांची परंपरा आहे. ते घाणे चालवीत आणि शनिवारी बैल जुंपीत नसत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावे किहीमकर, रोहेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली. हे सगळे मी सांगितले. “मराठी बोलतात?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “बोलतात आणि भांडतातही मराठीतच.” पुष्कळ बेने इस्रायल कुटुंबे शेजाऱ्यांप्रमाणेच गोमांस वर्ज्य मानीत, हे ऐकून तर ते फळीवर हात टेकून माझ्याकडे पाहतच राहिले. “गोमांस न खाणारे ज्यू! आणि मग दुधाचे काय करीत?”

“नारळाचे दूध,” मी म्हणालो. “रस्सा मांसाचा असो की सणाचा गोड हलवा असो, गाई-म्हशीचे दूध लागतच नसे.”

त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “माझ्या आजीला नारळ मिळाला असता, तर तिने तेच केले असते.”

एवढे मी त्यांना सांगितले. पुढचे सांगितले नाही, कारण धीर झाला नाही. ते वाचकांना सांगतो.

अलिबागेत इस्रायल आळी म्हणून आळी आहे. आमचे घर तिच्या कडेला होते, आणि भिंतीला भिंत लागून एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. त्या बाईंना आम्ही मुले मावशी म्हणत असू. ज्यूंच्या नवीन वर्षाला त्या लोकांत नव्याचा सण म्हणतात. त्या दिवशी मावशी गव्हाच्या चिकाचा हलवा करीत आणि पितळी ताटात केळीच्या पानावर वड्या रचून आमच्याकडे पाठवीत. आम्ही कायस्थ, मासळी-मटण खाणारे. परंतु आजी जुन्या वळणाची. ती ताट हसतमुखाने घेई, रिकामे परत जाऊ नये म्हणून त्यात साखर घालून पाठवी, आणि वड्या कामाच्या बाईला देऊन टाकी. दिवाळीला आमच्या फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई. दोन घरांचा लोभ होता, अडीअडचणीला एकमेकींसाठी धावणे होते. एवढी एक गोष्ट नव्हती. मी मात्र परसदारी त्या कामाच्या बाईकडून दोन वड्या नेमाने उकळीत असे.

१९४८ साली इस्रायलचे राज्य झाल्यापासून ही आळी हळूहळू रिकामी होत होती. तिथे गेलेल्या बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयी काही धर्माधिकाऱ्यांनी शंका काढल्या, त्यावरून मोठी चळवळ झाली, आणि ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे तिथल्या सरकारने १९६४ साली जाहीर केले. त्यानंतर मावशींचे कुटुंबही निघाले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या ताट घेऊन आमच्या दारी आल्या. सण नव्हता, तरी हलवा केला होता.

“आजी, घ्या,” त्या म्हणाल्या. “यात तूप नाही, दूध नाही. नारळाचा रस आणि साखर. आणि हे पातेले मी तुमच्यासाठी वेगळे ठेवलेले आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून. मांसाला ते कधी लागलेले नाही. एक वडी माझ्यासमोर खा.”

म्हणजे वड्यांचे काय होते हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. ज्या घरात मांसाची भांडी एक आणि दुधाची दुसरी, त्या घरात त्यांनी एक तिसरे पातेले आमच्या आजीच्या सोवळ्यासाठी म्हणून फळीवर पालथे घालून ठेवले होते.

आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, आज माझी एकादशी.”

एकादशी होऊन चार दिवस झाले होते. मला ठाऊक होते, कारण साबुदाण्याची खिचडी मला पोटभर मिळाली होती. मावशींनाही ठाऊक असावे. शेजारच्या घरातली एकादशी लपत नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “बरं, मग उद्या पारणं याच्यावर सोडा.” आणि गेल्या. पहाटे त्यांची गाडी निघाली तेव्हा मी झोपेत होतो.

पुढे मास्तर झालो, पुस्तके वाचली, आणि त्या खिचडीचा इतिहास मला कळला. आजीच्या एकादशीच्या ताटात साबुदाणा असे. तो ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला. बटाटा अमेरिकेतला, रताळे अमेरिकेतले, शेंगदाणे अमेरिकेतले, मिरचीही तिथलीच. पोर्तुगीजांची गलबते आली नसती, तर यांतले काहीही आजीच्या ताटात पडले नसते. बेने इस्रायल मात्र त्या पोर्तुगीजांच्या शेकडो वर्षे आधीपासून कोकणात होते. परकी भाजी उपवासाला चालली, शेजारणीची वडी चालली नाही. आजीला मी दोष देत नाही. तिला तिच्या आजीने जे दिले, ते तिने प्रामाणिकपणे सांभाळले. पण तिने सांभाळले त्यातले कोणते जुने आणि कोणते कालपरवाचे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि ज्याने सांगायचे तो नातू तेव्हा दहा वर्षांचा होता.

न्यूयॉर्कच्या त्या दुकानात लिंबाचा चहा घेताना माझ्या मनात हेच घोळत होते. त्या वृद्ध गृहस्थांच्या आजोबांनीही नियम जपला आणि पदार्थ बदलला. मावशींच्या पूर्वजांनी नियम जपला आणि पदार्थ बदलला. एकाच शास्त्राच्या दोन चुली. एकीवर मोहरी आणि मिरी, दुसरीवर नारळ आणि कोकम. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, तरी दुधाचे भांडे दोघींनी सारख्याच निष्ठेने दूर ठेवले.

मी त्यांना विचारले, “आपल्या आजोबांचे गाव?”

“पोलंडात,” ते म्हणाले. “गाव आहे अजून. आमचे कोणी नाही.”

अधिक विचारण्याची जरुरी नव्हती. महायुद्धापूर्वी पोलंडात तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू होते. हिटलरच्या राजवटीने त्यांतील दहांपैकी नऊ मारले. युद्ध चालू असता जवळच्या कॅट्झ यांच्या दुकानात ‘सैन्यातल्या आपल्या मुलाला सलामी पाठवा’ अशी पाटी लागली होती. १८८८ पासूनचे ते दुकान, आणि सलामी हा मसाल्याचा टिकाऊ सांडगाच म्हणा ना, दूरच्या रणांगणापर्यंत न नासता पोहोचे. मुले परत आली. पण ज्या गावांच्या आठवणीवर ही दुकाने उभी होती, ती गावे परत आली नाहीत. तेव्हापासून या फळीवरच्या काकडीला आणि पावाला एक निराळेच वजन आले. मूळ घर गेले आणि त्याची नक्कल तेवढी शिल्लक राहिली; मग नक्कल हेच घर झाले.

आणि आता तेही ओसरते आहे. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क शहरात अशी दीड हजारांवर कोशर दुकाने होती. आज ती बोटांवर मोजावी. त्याला कोणा शत्रूची गरज लागली नाही. माणसे शिकली, उपनगरांत राहायला गेली, मोठ्या बाजारांत तेच मांस पाकिटात मिळू लागले, डॉक्टरांनी चरबी आणि मीठ वर्ज्य सांगितले. “माझा मुलगा हृदयाचा डॉक्टर आहे,” ते गृहस्थ म्हणाले. “तो माझ्या गिऱ्हाइकांना इथे येऊ नका म्हणून सांगतो!” आणि आम्ही दोघे पोटभर हसलो. बापाने पहाटे उठून पिंपे ढवळली ती मुलाला ढवळावी लागू नयेत म्हणूनच.

निघताना मी पैसे दिले. त्यांनी काकडीची एक लहान बरणी कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली आणि तिचे पैसे घेईनात. “आमचे नवीन वर्ष आहे परवा,” ते म्हणाले. “रिकाम्या हाती कोणाला पाठवीत नाहीत.” २०२० च्या साथीनंतर मुलगी त्या बाजूला गेली होती. तिने कळवले, की दुकानाला टाळे आहे आणि पाटी काढलेली आहे.

मावशींचे ते पितळी ताट आमच्याकडेच राहिले. पहाटेच्या घाईत ते परत करायचे राहून गेले, आणि आजीने ते कधी वापरात काढले नाही. घासून-पुसून देवघराच्या फळीवर उभे करून ठेवले. त्या वड्यांपैकी चार मी खाल्ल्या होत्या. ताटात नऊ होत्या, आणि तिसऱ्या दिवशी ताट रिकामे होते. कामाची बाई त्या आठवड्यात गावी गेली होती. याहून अधिक मला सांगता येत नाही. आजीला मी कधी विचारले नाही, आणि ती १९७१ साली गेली.

आता दरवर्षी दिवाळीच्या पहिल्या दिवशी आमच्या घरचा फराळ शेजारीपाजारी जातो तो त्याच ताटातून. मजल्यावर एक मुसलमान कुटुंब आहे, एक केरळातले आहे, आणि खाली एक तरुण जोडपे आहे. त्यांची जात आम्ही विचारलेली नाही. सौ. ताट भरते आणि मी पोहोचवायला जातो. ईदेला वरच्या मजल्यावरून शीरखुर्मा येतो. गेल्या वर्षी तो आला त्या दिवशी खरोखरच एकादशी होती. मी उभ्या उभ्याच वाटी तोंडाला लावली.